राजवाड्यातली आई

“तू मध्ये बोलायचं नाहीस,” गाडी लावता लावता दादाने वहिनीला पुन्हा एकदा बजावलं. “बोलायचं ते मी बोलेन. बेबी रडेल. तू नंतर मावशीच्या घरी जाऊन आईची बॅग भरायला घे.”

“मी का रडेन?” मागच्या सीटवरून बेबी फणकारली. “म्हणजे, रडू आलं तर रडेन. पण असं ठरवून नाही हं.”

“तुला ठरवावं लागतच नाही.”

वहिनीने खिडकीची काच वर केली. घरून निघाल्यापासून ती गप्पच होती आणि दादाला त्याचं कौतुक वाटत होतं. त्याला वाटत होतं, बायको आपल्या बाजूची आहे. बेबीला वाटत होतं, वहिनी आपल्या बाजूची आहे. वहिनी नेमकी कुणाच्या बाजूची, हे खुद्द वहिनीलाच अजून ठरवता आलेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. अण्णांना जाऊन वर्ष सरलं आणि आई चार दिवस म्हणून धाकट्या बहिणीकडे राहायला आली. चार दिवसांचे चार महिने झाले. फोन केला की ‘येते रे, घाई काय आहे’ एवढंच उत्तर. आणि गेल्या आठवड्यात मावशीच्या तोंडून निसटलं, “ताई ना? ती कामावर गेलीये.” दादाच्या हातातला घास हातातच राहिला. कामावर? जी बाई घरी आलेल्या पाहुण्यांपुढे कधी चार वाक्यं सलग बोलली नाही, ती टेकडीवरच्या राजवाड्यात लोकांना माहिती सांगत फिरते? गाईड म्हणून?

“अण्णा असते तर हे झालं असतं का?” दादाने विचारलं होतं. आणि रविवारी न कळवता जायचं, आईला घेऊनच यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं होतं.

न कळवता. पण शनिवारी दुपारी, औषधांच्या आपल्या दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून वहिनीने मावशीला फोन लावला. “उद्या येतोय आम्ही,” एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. आई बेसावध सापडू नयेत म्हणून, असं तिने मनाची समजूत घातली. खरं कारण निराळं होतं, आणि ते ती स्वतःशीसुद्धा नीट म्हणत नव्हती. गेले चार महिने स्वयंपाकघर तिचं एकटीचं होतं.

राजवाड्याकडे जाणारा रस्ता टेकडीला वळसे घालत चढत होता. पायाखाली जुनी फरसबंदी होती आणि प्रत्येक दगडावर आडव्या खाचा कोरलेल्या होत्या. दादा पूल बांधणारा इंजिनीअर. त्याची नजर पहिल्यांदा पायाखालीच गेली.

“घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून,” तो म्हणाला. “आणि पाणी बघ कसं काढलंय, दोन्ही कडांना. ज्याने केलं त्याने डोकं लावून केलंय.” मग आपण कशासाठी आलोय ते आठवून त्याने चेहरा पुन्हा कडक केला.

वळण संपलं आणि राजवाडा एकदम समोर आला. खाली नदी, तिच्यातून सरळ वर उठलेला काळा खडक, आणि त्या खडकातूनच उगवल्यासारख्या भिंती. खडक कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते सांगता येऊ नये. भिंती वर जाता जाता मऊ होत गेल्या होत्या. आधी नुसता दगड, मग त्यात छोट्या खिडक्या, मग सज्जे, आणि अगदी वर, उन्हात, निळसर पाटीच्या दगडांची छपरं. बेबीने तोंडावर हात ठेवला.

“आई इथे येते? रोज?”

“चला,” दादा म्हणाला.

मोठ्या दरवाज्यात मावशी उभी होती. बुटकी, गोल, हातात काठीसारखी धरलेली छत्री. आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राहिलेली बाई, समोर कुणीही आलं तरी आता इंजेक्शन द्यायचं आहे अशा नजरेने बघायची.

“आलात? छान. ही तुमची तिकिटं. पुढच्या फेरीची.”

“तुला कसं कळलं आम्ही येणार ते?”

“स्वप्न पडलं,” मावशी म्हणाली आणि वहिनीकडे तिने अजिबात बघितलं नाही.

“आम्हाला तिकिटं नकोत मावशी. आम्ही आईला भेटायला आलोय.”

“मग तिकीट लागणारच. ती आत्ता ड्यूटीवर आहे.”

दादा काही म्हणणार एवढ्यात मावशीने त्याच्या कोपराला धरून त्याला रांगेत लावलंसुद्धा. आणि रांग पुढे सरकेपर्यंत तिने हे सगळं सुरू कसं झालं ते सांगून टाकलं. ताई इथे आली तेव्हा गप्प गप्प असायची. करमत नाही म्हणून रोज राजवाड्यात यायची, कुठल्यातरी गटाच्या मागे उभी राहून ऐकायची. एके दिवशी गाईडचा घसा बसला. बिचारा सिंहासनाच्या दालनात अर्ध्या वाक्यात थांबला, खोकला, पाणी प्यायला, पण आवाज काही फुटेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मागून कुणीतरी ते वाक्य पुरं केलं.

“आईने?” बेबी म्हणाली.

“तुमच्या आईने. वाक्य पुरं केलं, दालन पुरं केलं, मग उरलेला राजवाडाही पुरा केला. तो गाईड मागून मान हलवत चालत होता. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, आमच्याकडे परीक्षा असते, द्याल का? ही म्हणते, द्यावी म्हणते.”

“आणि?”

“अरे, निळा कोट उगाच घालायला देत नाहीत.”

निळा कोट आतल्या चौकात उभा होता. गडद निळा, पितळी बटणांचा, खांद्यात बरोबर बसलेला. वहिनीला आधी कोटच दिसला आणि मग त्याच्या वरचा चेहरा. आईने केस मागे घट्ट बांधले होते. पाठ ताठ होती. घरात ती पाठ नेहमी कशावर तरी वाकलेली असायची, शेगडीवर, नाहीतर नळाखाली, नाहीतर कुणाच्यातरी पडलेल्या वस्तूवर.

आईने गटावरून नजर फिरवली. दादावर आली, बेबीवर आली, वहिनीवर क्षणभर थांबली.

“या,” ती सगळ्यांनाच म्हणाली, पण आवाज चौकाच्या पार टोकाला पोचला. “आजच्या गटात माझी मुलं आणि सून आहेत. त्यांना प्रश्न विचारायची परवानगी आहे. पण इतरांसारखी, हात वर करून.”

लोक हसले. दादाचे कान लाल झाले.

पुढचा तास-दीड तास वहिनी पुढे कित्येक दिवस आठवत राहिली. राजवाडा तर बघण्यासारखा होताच. पण आई ज्या रीतीने तो दाखवत होती, त्याने तो दुप्पट झाला होता. दालनात शिरण्याआधी ती थांबायची, सगळे आत येऊन गोळा होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. मग हळू आवाजात सुरुवात करायची, म्हणजे लोक आपोआप जवळ सरकत. मुदपाकखान्यात तिने सगळ्यांना चुलीच्या आत उभं केलं. चूल कसली, खोलीच होती. आतून वर बघितलं की धुराड्याच्या टोकाला आभाळाचा एक चौकोन. “इथे काम करणाऱ्याला दिवसभरात एवढंच आभाळ दिसायचं,” आई म्हणाली. “पण वर दालनात वाद्यं वाजली की ती याच वाटेने खाली ऐकू यायची. राजाच्या पाहुण्यांना संगीत एकदा ऐकू यायचं. यांना तालमीसकट.”

सिंहासनाच्या दालनात जाताना बुटांवर जाड लोकरी पिशव्या चढवाव्या लागल्या. जमीन निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून केलेली होती. वेली, पानं, पक्षी, आणि एवढं सगळं नुसत्या लाकडाच्या मूळ रंगात. दादा पहिल्याच पावलाला घसरला आणि त्याने घट्ट धरायला जो हात शोधला तो नेमका मावशीचा निघाला.

“घसरत चाला,” आई सगळ्यांना म्हणाली. “तुम्ही चालता तेवढी जमीन पुसली जाते. दरबारातल्या मोठमोठ्या माणसांनाही हेच करावं लागायचं. राणीने तसा हुकूमच काढला होता. तिचं म्हणणं, मुजरा नीट करा न करा, जमीन मात्र चमकली पाहिजे.”

सिंहासन मात्र लहान होतं. एका अंगाने झिजलेलं, साधं, उंच पाठीचं. कुणीतरी निराश होऊन म्हणालं, एवढंच?

“एवढंच,” आई म्हणाली. “मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग मी रोज बघत गेले. उजव्या बाजूचा हात बघा, डावीपेक्षा जास्त झिजलाय. शेवटच्या राजाला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. तो सगळं आयुष्य उजवीकडे झुकून बसला, समोरच्याचं नीट ऐकू यावं म्हणून. मोठं सिंहासन करून द्यायला सुतार तयार होते. त्याने करून घेतलं नाही. म्हणाला, मग मी लांब जाईन.”

वहिनीच्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली.

मग जिना आला आणि दादाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. एकाच गोल बुरुजात दोन जिने एकमेकांभोवती वेटोळे घालत वर गेले होते. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना कुठेच भेटत नाहीत, फक्त मधल्या खांबातल्या खिडक्यांतून क्षणभर दिसतात. आईने अर्ध्या लोकांना इकडून पाठवलं, अर्ध्यांना तिकडून. वहिनीला चढताना एका खिडकीतून पलीकडे नवरा दिसला, तो भिंतीवर हात फिरवत होता. पुढच्या खिडकीतून दिसला तेव्हा गुडघ्यावर बसून पायरीच्या खालून बघत होता.

वर पोचल्यावर त्याने हात वर केला. सवयीने, किंवा राहवलं नाही म्हणून.

“हं, विचारा,” आई म्हणाली.

“या सगळ्याचं वजन कुठे जातंय? मधला खांब तर पोकळ आहे.”

आई हसली. घरात तिचं हसू ओठांच्या कोपऱ्यात यायचं आणि तिथूनच परत जायचं. हे हसू डोळ्यांपर्यंत गेलं. “प्रत्येक पायरी दुसऱ्या जिन्याच्या पायरीवर टेकलीये. एक जिना काढला तर दुसरा पडेल. बांधणाऱ्याचं नाव कुठेच सापडत नाही. पण प्रश्न तू पहिल्यांदा विचारलास. रोज इतके लोक येतात, कुणी विचारलं नव्हतं.”

दादा खूश झाला. मग खूश झालो याचा त्याला राग आला.

शेवटी घुमटाचं दालन. गोल, रिकामं, पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याचं. त्यावर इतका प्रचंड घुमट की खाली उभं राहिलेल्याला आपण लहान झालोय असं वाटावं, आणि तरी बरंही वाटावं. आईने इथे लोकांना मोकळं सोडलं. “जरा बघा आपापलं,” ती म्हणाली. आणि वहिनीजवळ येऊन हलकेच तिच्या दंडाला धरून तिला भिंतीपाशी घेऊन गेली.

“फोनबद्दल थँक्यू,” आई म्हणाली.

समोर, दालनाच्या पार पलीकडच्या भिंतीला दादा आणि बेबी डोकं जोडून उभे होते. आणि मग तिला बेबीचा आवाज आला. इतका जवळून, की बेबी आपल्या कानाशी उभी आहे असं वाटून ती दचकली.

“आता बोल ना. का मी आधी रडू?”

“थांब. लोक जाऊ दे.” हा दादा.

वहिनीने आईकडे बघितलं. आईने नुसतं बोट वर केलं, घुमटाकडे. आवाज त्या भिंतीला चिकटून वर जात होता आणि इकडे उतरत होता. कुजबूजसुद्धा. कुजबूज तर जास्तच.

“सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. ठरलंय ना?” बेबी.

“हो. पण सुट्टीतले महिने तू घे. पोरं घरात असतात तेव्हाच तुला गरज.”

“आणि वहिनी? तिला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? तिला दुकान आहे. घरी कुणीतरी लागतंच. ती हो म्हणेल.”

वहिनीचा चेहरा तापला. आईचा हात अजून तिच्या दंडावर होता, तो जरासा घट्ट झाला.

“आणि आई नाही म्हणाली तर?” बेबीने विचारलं.

दादा हसला. ते छोटंसं, प्रेमळ, निश्चिंत हसू घुमटावरून घरंगळत खाली आलं.

“आई कधी कुणाला नाही म्हणालीये?”

वहिनीला वाटलं, आता आई रडतील, किंवा निघून जातील. आईने कोटाचं वरचं बटण नीट केलं. मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू, दार लावून घ्यावं तसं म्हणाली,

“नाही.”

पलीकडे दादा जागच्या जागी उडाला. बेबीने किंकाळी फोडली आणि तीही घुमटात गोल गोल फिरून सगळ्यांना ऐकू गेली.

“असं म्हणायचं असतं ना?” आई त्याच आवाजात भिंतीला म्हणाली. “मला जमतंय का ते बघत होते.”

दुपारच्या सुट्टीत राजवाड्याच्या गच्चीवर, जुन्या तोफेशेजारच्या बाकावर सगळे बसले. खाली नदी चकाकत होती. आईने डबा उघडला, पाव आणि उकडलेली अंडी होती. तिने सवयीने सगळ्यांना वाटायला सुरुवात केली, मग थांबली, आणि एक अंडं स्वतःच्या हातात घेऊन आधी स्वतः खाल्लं. वहिनीने ते बघितलं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

“चोरून ऐकतेस?” दादा म्हणाला.

“मी माझ्या कामाच्या जागी उभी होते. तुम्ही येऊन भिंतीला सांगितलंत.”

“आई, हे काय वय आहे का? शेजारीपाजारी विचारतात, आई कुठे गेली. काय सांगू मी?”

“सांग, कामावर गेली.”

“आमचं काय चुकलं, ते तरी सांग.”

“काही चुकलं नाही रे. चुकल्याशिवाय माणसाने घराबाहेर पडूच नये का?”

मग बेबी रडली. ठरल्याप्रमाणे नाही, ठरल्याच्या फार आधीपासून साठलेलं. तिचा नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, दोन्ही पोरं एकापाठोपाठ एक आजारी, आणि नोकरीत नवा साहेब. “मला एकटीला झेपत नाही गं,” ती म्हणाली. “मी तुला वाटून घ्यायला नव्हते आले. मला नुसतं कुणीतरी घरात हवंय.”

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. “हे आधी सांगायचंस. पोरांना सुट्टीत इकडे पाठव. मावशीचं घर मोठं आहे, आणि इथे पळायला एक आख्खा राजवाडा आहे.”

“माझं घर?” मावशी म्हणाली. “मला कुणी विचारलं?”

“तू हो म्हणशील,” आई म्हणाली, आणि दादा सोडून सगळे हसले.

दादा उठून कठड्यापाशी गेला. पाठमोरा उभा राहिला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला मोठा भाऊ कुठेतरी गेला होता.

“तू इतकं बोलू शकतेस, हे मला माहीत नव्हतं. आज तू जे बोललीस ना तिथे, त्या लोकांशी... परक्या लोकांशी. आमच्याशी का नाही बोललीस कधी? मी लहान असताना मला कुणी सांगितलं असतं असं, जिन्याचं, त्या राजाच्या कानाचं...”

आईने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

“तुझे वडील छान बोलायचे,” ती म्हणाली. “मला ऐकायला आवडायचं. मी काही दुःखात नव्हते, तसं मनात आणू नकोस. पण ते गेले आणि घरात शांतता झाली. सगळ्यांना वाटलं, ती माझीच आहे. आई मुळात अबोल, म्हणून कुणी तिला हलवलंच नाही. इथे आल्यावर मला कळलं, माझ्याकडे सांगण्यासारखं किती आहे. तुला लहानपणी सांगायला हवं होतं हे खरं. पण तेव्हा मलाच कुठे माहीत होतं?”

दादाने मान वळवली नाही. नाक मात्र ओढलं.

“आणि तू?” आईने अचानक वहिनीकडे वळून विचारलं. “तुला यांनी विचारलं नाही. मी विचारते. तू काय म्हणतेस?”

‘तू मध्ये बोलायचं नाहीस’ असं बजावणारा नवरा आता वळून तिच्याकडेच बघत होता. वहिनीने हातातला पाव खाली ठेवला.

“आईंनी इथेच राहावं,” ती म्हणाली.

“अगं!” दादा म्हणाला.

आईने तिच्याकडे रोखून बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण सुटकाही नव्हती. “मी घरात नको म्हणून?”

मावशीसुद्धा चघळायची थांबली. वहिनीला वाटलं, खोटं बोलणं किती सोपं आहे. इतकी वर्षं त्या दोघी एका ओट्याशी उभ्या होत्या आणि एकमेकींशी भांड्यांतून बोलत होत्या. झाकण जोरात ठेवलं की एक अर्थ, हळू ठेवलं की दुसरा. शब्दांनी असं सरळ कधी विचारलंच नव्हतं.

“सकाळपर्यंत तसंच होतं, आई,” ती म्हणाली. “तुम्ही इकडे आलात आणि मी सगळ्या बरण्या खालच्या फळीवर घेतल्या, माझ्या हाताच्या उंचीला. मला इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली. काल फोन केला तोसुद्धा तुम्हाला नाही म्हणायला वेळ मिळावा म्हणूनच. पण मघाशी तुम्ही त्या दालनात बोलत होता ना, मला वाटलं, ही बाई माझ्या शेजारी उभी होती आणि मला पत्ताच नव्हता. तुम्ही आज परत आलात तर पुन्हा त्याच ओट्याशी उभ्या राहाल, आणि मी पुन्हा बरण्या वर ठेवीन. मला ते नकोय. मला तुमच्या दुपारच्या फेरीला यायचंय.”

आईने विचारलं,

“बरण्या खाली घेतल्यास? सगळ्या?”

“सगळ्या.”

“फार बरं केलंस. त्या वरच्या फळ्या तुझ्या सासऱ्यांनी त्यांच्या उंचीने मारल्या होत्या. माझा हात जन्मात कधी पोचला नाही तिथे. रोज स्टूल घेऊन चढायचे.”

“मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, तुला आवडतात वर.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी वहिनीला हसू फुटलं, मग आईला, आणि मग दोघींना आवरेना. आईने डोळे पुसायला कोटाची बाही वर केली आणि कोट निळा आहे हे आठवून खाली घेतली. बेबी ‘काय झालं, काय झालं’ करत राहिली. दादा आपल्या बायकोकडे असा बघत होता, जसा जिन्याच्या खालून पायरीकडे बघितलं होतं.

दुपारच्या फेरीला वहिनी गेली. बेबी आणि मावशी गच्चीवरच उन्हात बसून राहिल्या. दादा आधी ‘मी गाडीत थांबतो’ म्हणाला, पण सिंहासनाच्या दालनात वहिनीने मागे वळून बघितलं तर बुटांवर लोकरी पिशव्या चढवून तो गटाच्या मागे उभा होता. या खेपेला आईने राजाच्या कानाची गोष्ट थोडी वेगळी सांगितली, जास्त लांबवून, मधेच थांबून. आणि थांबली तेव्हा तिची नजर गटाच्या डोक्यांवरून मागे गेली होती. वहिनीला वळून बघायचं होतं. तिने बघितलं नाही.

संध्याकाळी पाहुणे उतारावरून खाली गेले आणि राजवाडा बंद करायची वेळ झाली. खिडक्यांच्या लाकडी झडपा एकेक करून लावायच्या, उन्हाने कापड विटतं म्हणून. आई आणि म्हातारा पहारेकरी निघाले तसे बाकीचेही न ठरवता मागोमाग निघाले. दादाला उंच झडपा सोपवल्या. तो प्रत्येक बिजागरी वाकून बघायचा, आई त्याला ती कुठल्या काळातली ते सांगायची, तो आणखी काही विचारायचा. दालनामागून दालन काळोखात जात होतं. मावळतीचा उजेड लाकडी जमिनीवरच्या पक्ष्यांवरून सरकत गेला, आणि शेवटची झडप लागल्यावर विझला. कुणी बॅगेचं नाव काढलं नाही.

मोठ्या दरवाज्यात एक छोटं दार होतं, माणसाला वाकून बाहेर पडावं लागेल एवढं. सगळे एकेक करून वाकले आणि बाहेर आले. आई आतच राहिली. तिला अजून दिवसाची नोंद द्यायची होती, पहारेकऱ्याबरोबर शेवटची चक्कर मारायची होती. मावशी म्हणाली, जेवायला उशीर करू नकोस. आई म्हणाली, बघते.

दादा दाराशी रेंगाळला. काहीतरी बोलायला वाकला, उभा राहिला, पुन्हा वाकला.

“पुढच्या रविवारी येतो,” तो म्हणाला. “एकटाच. त्या जिन्याचा पाया बघायचाय.”

“रविवारी नको रे. फार गर्दी असते, तुझ्याशी दोन शब्द बोलता यायचे नाहीत. मंगळवारी ये.”

“मंगळवारी मला ऑफिस असतं, आई.”

“मलाही असतं,” आई म्हणाली. “पण तुझ्यासाठी काढते थोडा वेळ.”

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा जड आवाज आला आणि मागोमाग फरशीवरून दूर जाणारी पावलं, सावकाश, आपल्या घरात चालावीत तशी. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत दादा तिथेच उभा राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि उतरणीला लागायच्या आधीच मंगळवारच्या रजेचा मेसेज लिहायला घेतला.